गाजरगवतावरचा पट्टेवाला भुंगा: मारायचा की जपायचा?

माळावरचा शेतकरी
७ सप्टेंबर, रात्री ९:१०

राम राम मंडळी. आमचं रान उत्तर सोलापूर तालुक्यात. नऊ एकर काळी जमीन, त्यातली सहा एकर खरिपात पडीक असते आणि उत्तरा-हस्तात ज्वारी पेरतो. पडीक रानात पावसाळ्यात काय उगवतं ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. दोन पाऊस झाले की गाजरगवत गुडघ्याला, महिन्याभरात कमरेला, आणि गणपतीपर्यंत सगळं रान पांढरं.

यंदा पूर्वेच्या बांधाला मात्र वेगळंच दिसतंय. लिंबाच्या झाडापासून विहिरीपर्यंत, अंदाजे शंभर पावलं, गवताच्या नुसत्या काटक्या उभ्या आहेत. शेंडा नाही, फूल नाही, पानांच्या शिरा तेवढ्या शिल्लक. खाली बसून पाहिलं तर पानाच्या पाठीमागे नारिंगी रंगाची बारीक अंडी, शेंड्यात पिवळसर अळ्या दाटीनं बसलेल्या, आणि हरभऱ्याच्या डाळीएवढे भुंगे. पाठ मळकट पांढरी, तिच्यावर तपकिरी नागमोडी रेघा, कुणी बोरूनं ओढल्यासारख्या. हात लावला की पाय आखडून खाली मातीत पडतो.

बांधाला लागूनच शेजारच्या अण्णांचं सूर्यफूल आहे. त्यांनी कालच सांगितलं, "ही कीड माझ्या सूर्यफुलात शिरायच्या आत फवारा मार, नाहीतर मी मारतो." अण्णा माणूस चांगला, वीस वर्षांचा शेजार आहे, वाद नको. रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली आहे.

दुसरी गोष्ट. हे गवत उपटून उपटून माझ्या आईच्या हाताची आणि मानेची कातडी काळी पडून जाड झालीय. रात्री खाजवून खाजवून रक्त निघतं. त्यामुळे हे गवत खाणारं कुणीतरी आहे हे बघून आत कुठेतरी बरं वाटलं. मारायचं का याला? माहिती असेल त्यानं सांगा.

वनस्पतीवेडी
८ सप्टेंबर, सकाळी ६:४०

दादा, मारू नका. फवारा तर अजिबात नको.

तुम्ही वर्णन इतकं नेमकं केलंय की फोटोची गरज नाही. हा मेक्सिकन भुंगा, शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा. १९८३ साली तो मेक्सिकोहून मुद्दाम मागवला. बंगळुरूला विलगीकरणात ठेवून आपल्याकडच्या पिकांची पानं एकेक करून त्याच्यापुढे टाकून पाहिली. या पिकांवर त्याची पिढी वाढत नाही अशी खात्री झाल्यावर १९८४ मध्ये बंगळुरू परिसरात सोडला. तिथून शास्त्रज्ञांनी डब्यात भरून ठिकठिकाणी नेला आणि बाकीचा तो आपला आपण पसरला. पाकिस्तानात तर कुणी सोडला नव्हता, तरी तिथे पंजाबात पोचला.

मी इथेच सोलापुरात कॉलेजात शिकवते. मुलं दरवर्षी विचारतात, मॅडम, आपल्याकडेच हे गवत एवढं का माजलं? गाजरगवत मूळचं मेक्सिकोच्या आखाताभोवतालचं. तिथे त्याची पानं खाणारे, खोड पोखरणारे, बी खाणारे, मुळाशी लागणारे असे कितीतरी किडे आहेत, तांबेरा आहे. एक झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया टाकतं, पण तिथे त्या सगळ्यांतून वाचून किती उगवणार? आपल्याकडे बी आलं, त्याचे वैरी मात्र तिकडेच राहिले. बारा महिने कुणी तोंड लावत नाही, जनावर खात नाही, खाल्लंच तर दूध कडू होतं. म्हणून मग त्या वैऱ्यांपैकी एकाला बोलावून आणावं लागलं.

तुमच्या बांधावर आज जे चाललंय ते चाळीस वर्षांपूर्वी दोन देशांतल्या माणसांनी पत्रं लिहून, परवाने काढून, डबे हाताळून केलेलं काम आहे. माझं ऐका, त्याला राहू द्या.

सांगोलेकर
८ सप्टेंबर, सकाळी ८:०५

हे गवत अमेरिकेच्या पीएल-४८० या धान्य-मदत योजनेच्या गव्हातून आलं असं लहानपणापासून ऐकतोय. आमचे वडील म्हणायचे, बहात्तरच्या दुष्काळात मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी खाल्ली, सुकडी खाल्ली आणि वर हे गवत पदरात पडलं. मग ज्यांनी दिलं त्यांच्याकडूनच औषध घ्यायचं, हे मनाला पटत नाही.

वनस्पतीवेडी
८ सप्टेंबर, सकाळी ८:५०

सांगोलेकर, त्या पिढीनं जे सोसलं त्याच्याबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. पण तारखा बघा. पुण्यात हे गवत पहिल्यांदा १९५५ मध्ये टिपलं गेलं आणि भारताचा पीएल-४८० चा करार झाला १९५६ च्या ऑगस्टमध्ये. शिवाय कलकत्त्याच्या बागेतल्या वनस्पतींची रॉक्सबर्गची यादी १८१४ ची, तिच्यातही याचं नाव आहे. धान्याच्या पोत्यांबरोबर, रेल्वेच्या वाघिणींबरोबर ते पसरलं असणार, हे कुणीही मान्य करेल. मुद्दाम पाठवलं, हे मात्र मी वर्गात शिकवणार नाही.

टूवूंबाकर
८ सप्टेंबर, सकाळी १०:३०

मूळचा बार्शीचा, गेली अकरा वर्षं ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला आहे. १९५५ वाचून थांबलो, कारण इथेही गाजरगवताची पहिली नोंद १९५५ चीच आहे. पुढे १९६० मध्ये क्लेरमाँट गावाजवळ टेक्सासहून आणलेल्या चाऱ्याच्या गवताच्या बियाण्यात मिसळून ते पुन्हा आलं आणि तिथून कुरणं व्यापत सुटलं. म्हणजे श्रीमंत देशालाही चुकलं नाही.

इथं त्याच्यावर १९८० पासून एकामागून एक असे नऊ किडे आणि दोन प्रकारचे तांबेरे सोडले. तुमचा भुंगा त्यातलाच एक. कुणी पान खातो, कुणी खोडाला गाठ आणतो, कुणी मूळ पोखरतो, एक सोंड्या फक्त बी खातो. एका किड्याचा पाऊस चुकला तर दुसरा असतो. आणि गाड्या धुणं! गवताच्या भागातून बाहेर पडताना ट्रॅक्टर, हार्वेस्टर, चारचाकी धुवायची ठिकाणं केलेली आहेत. टायरच्या खाचेत चिकटलेल्या चिखलातून बी जातं. आपल्याकडे उसाच्या आणि मुरमाच्या ट्रॉल्या गावोगाव काय काय पेरत फिरतात ते बघा एकदा.

बांधावरून
८ सप्टेंबर, दुपारी १:१५

सगळे भुंग्याची आरती करताहेत म्हणून उलट बाजू मांडतो. एक परदेशी गवत मारायला दुसरा परदेशी किडा आणायचा. उद्या गवत संपलं की तो काय खाणार? टूवूंबाकरांच्याच देशात उसातले भुंगे मारायला बेडूक आणले होते, त्या बेडकांनी काय केलं ते जगाला माहीत आहे. आणि सूर्यफुलाबद्दल मी स्वतः ऐकलंय की कर्नाटकात या भुंग्यानं सूर्यफूल खाल्लं होतं. अण्णांची भीती अगदीच हवेतली नाही.

निवृत्त कृषी सहायक
८ सप्टेंबर, रात्री ८:२०

बांधावरून, तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. त्या वेळी मी अक्कलकोट भागात होतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. कर्नाटकातून बातमी आली की गाजरगवतावरचा भुंगा सूर्यफुलाच्या पानांवर दिसला. आमच्याकडे लोक रोज विचारायला यायचे. अक्कलकोटचा शेतकरी विजापूर-कलबुर्गीच्या बाजाराशी जोडलेला, तिकडची बातमी दुपारपर्यंत इकडं. सरकारनं भुंगे सोडायचं थांबवलं, चौकशी समिती बसली.

चौकशीत जे निघालं ते प्रत्येक सूर्यफूल शेतकऱ्यानं ऐकण्यासारखं आहे. गाजरगवत आणि सूर्यफूल एकाच कुळातले. बांधावर गाजरगवत फुललेलं असलं की त्याचे परागकण उडून लगतच्या सूर्यफुलाच्या पानांवर बसतात. भुंगा त्या वासानं पानावर येतो आणि कुरतडतो. पराग धुऊन टाकलेल्या पानाकडे तो फिरकत नाही, आणि सूर्यफुलावर त्याची पिढी उभी राहात नाही. म्हणजे सूर्यफूल वाचवायचं तर बांधावरचं फुललेलं गवत आधी काढा. अण्णांना माझं नाव न सांगता एवढंच सांगा की सूर्यफुलाच्या कडेचं आठ-दहा पावलांतलं गाजरगवत फुलायच्या आत कापून टाका. बाकीचा पट्टा भुंग्याला सोडा.

आता दुसरं, म्हणजे "गवत संपल्यावर काय खाणार". तेच तर तपासायला वर्षं लागतात. टूवूंबाकर म्हणाले खोडाला गाठ आणणारा किडा. तो पतंग आहे, ऑस्ट्रेलियात त्याचा चांगला उपयोग झाला. आपल्याकडेही १९८० च्या दशकात बंगळुरूला आणला होता. विलगीकरणात त्याच्यापुढे आपली पिकं ठेवली, आणि तो कारळ्यावर वाढला. कारळा! तुमच्या-माझ्या घरात भाकरीबरोबर ज्याची चटणी असते तोच. ऑस्ट्रेलियात कारळ्याला कोण विचारतो, तिथे तो पतंग निर्धोक. आपल्याकडे कोरापुटपासून नाशिकपर्यंत आदिवासी शेतकऱ्याचं ते पीक. सगळे पतंग तिथेच नष्ट केले, एकही बाहेर सुटू दिला नाही. ज्या शास्त्रज्ञांनी महिनोन्‌महिने सांभाळलेली पैदास कारळ्यासाठी नष्ट केली त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

टूवूंबाकर
९ सप्टेंबर, पहाटे ५:४५

बेडकाबद्दल. १९३५ साली हवाईहून आणला तो. तो तोंडात मावेल ते सगळं खाणारा, आणि सोडण्याआधी अशी परीक्षा कुणी घेतलीच नव्हती. त्या चुकीचं इथल्या लोकांना आजही दुःख आहे. आजचे नियम इतके कडक आहेत ते त्यामुळेच. सर्वभक्षी प्राणी आणि एकाच झाडावर जगणारा भुंगा, दोघांना एका मापानं मोजू नका एवढीच विनंती.

काका, कारळ्याचं मला ठाऊक नव्हतं. आईला फोन करून सांगितलं.

पंढरपूरची लेक
९ सप्टेंबर, सकाळी ११:१०

धागाकर्त्यांच्या आईबद्दल लिहिते. माझी आई चाळीस वर्षं पंढरपुरात हार करायची. शेवंती, झेंडू, तुळस. गावाबाहेरच्या रस्त्यानं चालत जायची, दोन्ही बाजूंनी गाजरगवत. आधी डोळ्यांच्या पापण्या सुजल्या, मग मान, मग कोपराच्या आतली बाजू. उन्हाळ्यात कमी, पावसाळ्यात जास्त. तीन-चार वर्षं मलमं लावली. एका डॉक्टरनं तर खरूज म्हणून औषध दिलं. शेवटी त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पाठीवर पट्ट्या लावून तपासणी केली आणि सांगितलं, गाजरगवतातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्याची ॲलर्जी आहे. आणि त्याच कुळातली म्हणून शेवंतीही हाताळायची नाही.

शेवंती हाताळायची नाही म्हणजे आईनं करायचं काय? महिनाभर रडली ती. आता फक्त तुळशीचे हार करते, मी मोगरा ओवून देते.

दादा, आईला गवताला हात लावू देऊ नका. लांब बाह्यांचा सदरा, हातमोजे, आणि उपटणं फुलायच्या आधी. वाळलेलं गवत जाळू नका, आणि त्वचेच्या डॉक्टरांना "गाजरगवत" हा शब्द स्वतःहून सांगा. आपण सांगितल्याशिवाय त्यांच्या लक्षात येत नाही.

माळावरचा शेतकरी
९ सप्टेंबर, रात्री ९:३०

ताई, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या बाईला सांग, माझंबी शेवंतीच्या वेणीनं व्हतं, मला वाटायचं देवाचा कोप हाय." सोमवारी सिव्हिलला नेतो.

काकांचं सूर्यफुलाचं अण्णांना सांगितलं. ते ऐकून घेतात, पण "आधी दाखव" म्हणाले.

नान्नजचा माळ
१० सप्टेंबर, सकाळी ७:२५

धागा चांगला चाललाय. एक गोष्ट मात्र मला बोचते म्हणून लिहितो. देशादेशांतली देवाणघेवाण म्हटलं की आपण भुंग्याचं उदाहरण घेतो. वेडी बाभूळही देवाणघेवाणीतूनच आली. १८७७ साली जमैकाहून बी मागवून कडप्पा जिल्ह्यात कमलापुरमला लावलं. हेतू चांगला, लोकांना सरपण मिळावं, उजाड जमीन झाकावी. आज नान्नज, मार्डी, करमाळा कुठंही जा, ओढ्याकाठी तीच.

आमच्याकडे माळढोक पक्ष्यासाठी १९७९ पासून अभयारण्य आहे. माळढोकाला मोकळा माळ लागतो. पवन्या, कुसळी, मारवेल असलं गवत, आणि लांबवर दिसणारी नजर. माझ्या वडिलांनी एका सकाळी नऊ माळढोक मोजलेले मला आठवतात, मी त्यांच्या खांद्यावर होतो. त्या माळावर झाड लावणं म्हणजे माळ मोडणं, हे समजायला फार उशीर झाला. वेड्या बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात, लेंडीतून बी पडतं, आणि मग धनगराला चरायला तोच माळ उरत नाही.

हेच दुखणं पूर्व आफ्रिकेत आहे. केनियात बारिंगो भागातले लोक तर शेंगा खाऊन दात गेलेली शेळी घेऊन न्यायालयात गेले होते. केनिया, इथिओपिया, टांझानियातले संशोधक स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांबरोबर वेडी बाभूळ काढल्यावर गवत कसं परत आणायचं यावर काम करतात. मला वाटतं आपला शिकण्याचा शेजारी तो आहे. तिथलाही माणूस शेळ्या राखतो, त्यालाही पाऊस कमीच मिळतो. आपण सारखं युरोप-अमेरिकेकडेच का बघतो?

वनस्पतीवेडी
१० सप्टेंबर, सकाळी ९:००

नान्नजचा माळ, तुमच्या शेवटच्या प्रश्नानं मला टारफुल्याची आठवण झाली. खरीप ज्वारीच्या मुळावर जगणारं ते लालसर-पांढऱ्या फुलांचं झुडूप, आजोबा पिढीला चांगलं माहीत. आफ्रिकेत आणि आशियात त्यानं ज्वारी-बाजरी खाल्ली. ते १९५६ साली अमेरिकेत कॅरोलायनात मक्याच्या शेतात सापडलं. तिथल्या कुणालाही ओळखता येईना. ओळखलं ते भारतातून तिथे शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्यानं! त्यानं ते घरच्या रानात पाहिलेलं होतं.

पुढे अमेरिकेनं त्याच्यामागे पन्नासहून जास्त वर्षं घालवली. टारफुल्याचं बी धुळीच्या कणाएवढं, जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि यजमान पिकाच्या मुळातून येणारा रसायनाचा इशारा मिळाल्यावरच उगवतं. म्हणून जमिनीत इथिलीन वायू सोडला, आपण केळी पिकवायला वापरतो तोच. बी फसतं, पीक नसताना उगवतं आणि उपाशी मरतं. पावणेदोन लाख हेक्टरांच्या आसपास पसरलेलं ते जवळजवळ संपवलं. आफ्रिकेतल्या गरीब शेतकऱ्याला वायूची यंत्रं कुठून परवडणार? त्याच्यासाठी इथिओपियात जन्मलेले गेबिसा एजेटा यांनी मुळातून तो इशाराच फार थोडा सोडणाऱ्या ज्वारीच्या जाती तयार केल्या. २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. आणि ज्वारी तरी कुठली? आफ्रिकेतलीच. ती हजारो वर्षांपूर्वी इकडं आली, आपण तिची मालदांडी केली, आणि आज मालदांडीचा वापर बाहेरचे पैदासकारही करतात.

म्हणून मी वर्गात सांगते की यात देणारा देश आणि घेणारा देश अशी विभागणी करू नका.

कंबरतळ्याकाठी
१० सप्टेंबर, सायंकाळी ६:१५

मग आमच्या सोलापूरच्या कंबर तलावातल्या जलपर्णीला असला भुंगा का सोडत नाहीत? यंत्र लावून काढतात, काठावर ढीग वाळतो, पावसाळ्यानंतर तळं पुन्हा हिरवं. डासांनी बसवत नाही. पूर्वी हिवाळ्यात पक्षी बघायला लोक पहाटे यायचे.

निवृत्त कृषी सहायक
१० सप्टेंबर, रात्री ८:४०

जलपर्णीलाही आहे, सोंड्या भुंगा, दोन जातींचा. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, फ्लोरिडातून १९८२-८३ च्या सुमारास बंगळुरूला आला. प्रौढ पान खरवडतो, अळी देठात बोगदा करते. पण गाळ, सांडपाणी आणि साबणाचं पाणी मिळणाऱ्या तळ्यात जलपर्णी इतकी जोमानं वाढते की भुंग्याचं खाणं पुरत नाही. तळ्यात येणारी गटारं आधी वळवायला हवीत. ते काम परदेशातून कुणी येऊन करणार नाही.

पटकन गुण आलेलं उदाहरण हवं असेल तर पपईवरचा पिठ्या ढेकूण घ्या. २००८ मध्ये कोइंबतूरकडे दिसला, दोन वर्षांत पपई, तुती, टॅपिओका, सगळं पांढरं पिठानं माखलं. लोकांनी फवारून फवारून हात टेकले, काहींनी बागा तोडल्या. त्याचा वैरी, टाचणीच्या टोकाएवढी एक गांधीलमाशी, पोर्तो रिकोत अमेरिकी कृषी खात्यानं आधीच वाढवून ठेवलेली होती. २०१० मध्ये ती बंगळुरूला आली, तपासली, वाटली, आणि काही महिन्यांत पिठ्या आटोक्यात. रोग आपल्याकडे पोचायच्या आधीच कुणीतरी दुसऱ्या देशात त्याच्यावर काम करून ठेवलेलं असतं. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी मे महिन्यात कर्नाटकात दिसली आणि पावसाळा संपेपर्यंत आपल्या जिल्ह्यात मक्यावर होती. तेव्हा आफ्रिकेतल्या देशांनी दोन वर्षं तिच्याशी झुंजून काढलेली पत्रकं आमच्या हातात होती. मक्याच्या पोंग्यात वाळू-माती टाकायची युक्तीसुद्धा तिकडच्या शेतकऱ्यांची.

बांधावरून
११ सप्टेंबर, सकाळी ७:५०

काका, कारळ्याची गोष्ट वाचून रात्री उशिरापर्यंत जागा होतो. माझा मुद्दा मागे घेतो. एकच विचारतो, आता आणखी किडे का आणत नाहीत? ऑस्ट्रेलियात नऊ, आपल्याकडे एक.

वनस्पतीवेडी
११ सप्टेंबर, सकाळी १०:२०

काही आपल्या कारळ्या-सूर्यफुलामुळे अडतात, ते योग्यच. दुसरं म्हणजे १९९२ च्या जैवविविधता करारानं प्रत्येक देशाचा आपल्या जीवांवरचा हक्क लेखी झाला आणि २०१० च्या नागोया करारानं त्याचे नियम ठरले. मेक्सिकोचा किडा हवा तर मेक्सिकोची परवानगी, अटी, लाभाची वाटणी. आपलाही २००२ चा जैवविविधता कायदा आहे. हळद-कडुनिंबाच्या पेटंटांचा अनुभव घेतलेल्या देशानं असा कायदा करणं मला पूर्ण पटतं. पण ज्या किड्याचा कुणी पैसा करणार नाही, जो शेतकऱ्याच्या बांधावर फुकट सोडायचा आहे, त्यालाही त्याच रांगेत उभं केलं तर वर्षं जातात. नैसर्गिक शत्रूंसाठी वेगळी, साधी वाट हवी, असं या क्षेत्रातले लोक किती दिवस सांगताहेत. २०२३ च्या जागतिक अहवालात अशा घुसखोर जीवांमुळे होणारं नुकसान वर्षाला ४२३ अब्ज डॉलरांहून जास्त दिलंय. आईची कातडी, शेवंतीचे हार, माळढोकाचा माळ त्यात कुणी मोजलेला नाही.

माळावरचा शेतकरी
२२ सप्टेंबर, रात्री ९:००

उशीर झाला, पेरणीची गडबड आहे. काय झालं ते सांगतो.

रविवारी अण्णांना घेऊन बांधावर बसलो. सूर्यफुलाच्या कडेचं दहा पावलांतलं सगळं गवत मी आणि माझ्या पोरानं हातमोजे घालून कापलं. उरलेला पट्टा तसाच ठेवला. अण्णांनी रोज सकाळी कडेच्या दोन ओळी तपासायच्या, भुंगा पिकावर वाढताना दिसला तर मी स्वतः फवारा आणून देणार, असं ठरलं. तेव्हापासून त्यांना सूर्यफुलावर सात भुंगे सापडले, चार-पाच पानांना बारीक भोकं. अंडं एकही नाही, अळी एकही नाही. काल अण्णा स्वतःच म्हणाले, "राहू दे रे. तुझ्या गवतावरच खूश हाय त्यो."

भुंग्यानं गवत संपवलं असं म्हणणार नाही. पश्चिमेच्या बाजूला अजून पांढरं आहेच. जिथं त्यानं खाल्लं तिथं तरवडासारखं पिवळ्या फुलांचं काहीतरी दाटीनं उगवलंय. आणि एक अडचण. परवा कुळवाची पाळी घालताना ढेकळाखाली चार बोटं खोल हे भुंगे सापडले, पाय पोटाशी घेऊन निपचित. मेले का झोपले कळेना. हातावर घेतला तर थोड्या वेळानं हलला. मी बैल थांबवले.

आईला मलम आणि गोळ्या दिल्यात. रात्रीची झोप लागते आता.

वनस्पतीवेडी
२२ सप्टेंबर, रात्री १०:०५

झोपलेत! कोरड्या दिवसांत ते जमिनीत जातात आणि पुढच्या पावसाला वर येतात. पूर्वेच्या बांधालगत दोन हात रुंदीचा पट्टा नांगर-कुळवाविना सोडा, म्हणजे पुढच्या मृगात ते तुमच्याकडेच उठतील.

ते पिवळ्या फुलांचं टाकळ्याच्या जातीतलं दिसतंय. तेही अमेरिकेकडचंच, गाजरगवताला दाबतं म्हणून काही लोक लावतात. एकाच्या जागी दुसरं, हे मला रुचत नाही. त्याऐवजी पट्ट्यात मारवेलचे ठोंब लावून बघा, जनावरांना चारा होईल. नान्नजच्या दादांकडे ठोंब असतील.

नान्नजचा माळ
२३ सप्टेंबर, सकाळी ६:३०

आहेत. या कधीही, गोणीभर देतो.

मोहोळचा गडी
२३ सप्टेंबर, दुपारी १२:४५

आजवर नुसतं वाचत होतो. मालक, आमच्या मोहोळच्या रानात एकही भुंगा नाही आणि गवत डोक्याला लागतंय. वर अजून फिरताहेत त्यातले थोडे मिळतील का?

निवृत्त कृषी सहायक
२३ सप्टेंबर, दुपारी २:००

एका जागी निदान पाचशे ते हजार सोडावे लागतात, चार-दोन नेऊन जमत नाही. आता मोसम सरत आलाय, पुढच्या वर्षी जुलै-ऑगस्टात चांगला पाऊस झाल्यावर न्या. बरणीला जाळी बांधा, आत गाजरगवताचे ताजे शेंडे टाका, उन्हात ठेवू नका, आणि नेल्या दिवशीच सोडा.

माळावरचा शेतकरी
२३ सप्टेंबर, रात्री ९:२०

पट्टा आखून चार कोपऱ्यांना दगड मांडलेत, अण्णांनी त्यांच्या बाजूचे दोन हात दिले. मोहोळकर, नागपंचमीनंतर फोन करा. बरण्या तुम्ही आणा, वेचायला आम्ही घरचे सगळे आहोत. आई लांबून सांगेल कुठं जास्त आहेत ते.